बेवारस वेळ

सुरुवात एका साध्या तक्रारीतून झाली. डिसेंबर महिना होता, साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. सुंड्स्वाल या उत्तरेकडच्या थंड शहरातल्या एका पेन्शन कंपनीत मी मोठ्या संगणकाची नाडी बघायचे. कोणत्या खात्याचं काम त्याला किती वेळ खातं, पुढच्या वर्षी तो पुरेल की मोठा घ्यावा लागेल, हे आधीच सांगणं माझं काम. धंदा ज्योतिषाचाच, फक्त आमचं भविष्य चुकलं की लोक परत येऊन भांडतात.

माझा साहेब स्टेलन सकाळी दहाच्या सुमारास टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बार्ब्रो, खाली काउंटरवर म्हातारेकोतारे ताटकळत उभे आहेत आणि पडद्यावर एक अक्षर उमटायला अर्धं मिनिट लागतंय. कर ना काहीतरी."

"मोठं यंत्र घे."

"घेतो की. सासऱ्याच्या खिशातून! उन्हाळ्यापर्यंत ढकल बाई कसंतरी."

म्हणून मी आकडे उघडून बसले. यंत्र दर पंधरा मिनिटांनी आपण किती राबलो ते नोंदवतं. त्यातून सगळ्या खात्यांचा वेळ वजा केला तरी थोडा वेळ उरतोच, ज्याला कोणी धनी नसतो. आम्ही त्याला बेवारस वेळ म्हणायचो. यंत्राची स्वतःची उठबस असते, त्यात तो जातो. माझ्या आधी ही खुर्ची सांभाळणारा इंग्वे तो वेळ सगळ्या खात्यांत सारखा वाटून विषय मिटवायचा. शंभरातले सहा भाग. तेरा वर्षांत यंत्र दोनदा बदललं, सहा मात्र सहाच राहिले.

मला असं वाटून टाकणं जमत नाही. घरात एक मोजा हरवला तरी मला झोप येत नाही. मी तो बेवारस वेळ पावपाव तासाने कागदावर मांडला.

असा वेळ कामाबरोबर चढतो आणि कामाबरोबर उतरतो. हा तसा नव्हता. सकाळी सव्वासातला सुरू व्हायचा. साडेनऊला पाव तास गप्प. साडेअकराला पाऊण तास गप्प, गुरुवारी मात्र पूर्ण तासभर. गुरुवारी आमच्या कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक असतात, त्यामुळे सगळेच जरा रेंगाळतात. सव्वाचारला तो संपायचा. जुलैचे चार आठवडे तर रेघ जमिनीला टेकलेली.

यंत्र सुट्टीवर जातं म्हणे! मी एकटीच हसले. हसता हसता मागे वळून दाराकडे पाहिलं, हेही खरं.

शोधता शोधता त्याचं मूळ सापडलं. एक लहानसं काम, नाव नाही, मालक नाही, पण मान सगळ्यांच्या वरचा. माझ्या जागी कोणीही जे केलं असतं तेच मी केलं. त्याला शेवटच्या पंगतीत बसवलं. सगळ्यांचं पोट भरून काही उरलं, तरच त्याला. दिवसा आमच्याकडे कधीच काही उरत नसे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पडदे पाण्यासारखे वाहू लागले. स्टेलनने हिरवा प्रिन्सेस केक आणला.

"तू बाई आहेस की चेटकीण?"

"दोन्ही. मोठा तुकडा दे."

त्याच दुपारची गोष्ट. बाहेर अंधारून आलं होतं, कागद गिरणीचा तो उकडलेल्या कोबीसारखा वास खिडकीच्या फटीतून आत येत होता. मी कॉफी ओतली. भिंतीवर दोन पस्तीस झाले होते. कप ओठांजवळ नेला... आणि कॉफी थंडगार लागली. वर साय धरली होती. हात तसाच उचललेला, खांदा ठणकत होता. घड्याळात चार वाजून एक मिनिट झालं होतं.

डुलकी लागली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण कप हवेत धरून कोण झोपतं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन पन्नासला मी कागद चाळत होते, आणि एकदम पाच वाजून सोळा मिनिटं. पाळणाघर पाचला बंद होतं. माझी इल्वा पाच वर्षांची, तिचा बाप तेव्हा योटेबोरीला होता आणि मनाने त्याहून लांब. तिला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी धावत पोचले तेव्हा पाळणाघरातली लिस्बेत बर्फात तिचा हात धरून उभी होती.

"घड्याळ विकून खाल्लंस का गं?" ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. "तुझ्या ऑफिसला फोन केला होता. स्टेलन म्हणाला, ती टेबलाशीच बसलीय... डोळे उघडे आहेत... पण बोलत नाही."

त्या संध्याकाळी मी इल्वाला झोपवून पेन्सिल घेतली. दोन्ही वेळा शहाऐंशी मिनिटं गेली होती. चोवीस तासांच्या दिवसाचे शंभरातले सहा भाग. मांडायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं, तरी मांडलं. मला भीती स्वतःची नव्हती. उद्या पोरीचा हात धरून रस्ता ओलांडताना असं झालं तर काय, एवढा एकच विचार डोक्यात होता.

सकाळी मी इंग्वेला फोन लावला. निवृत्त झाल्यापासून तो आल्नो बेटावर राहायचा. मागे रेडिओ चालू होता.

"इंग्वे, ते सहा भाग..."

रेडिओ बंद झाला.

"तू हलवलंस त्याला?"

"शेवटी टाकलं. तीन दिवसांपूर्वी."

"अरे देवा..." त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मायवोर म्हणून एक होती. यंत्राच्या टेपा सांभाळायची. चौऱ्याहत्तर साली यंत्रघरात आगीची घंटा झाली. आग विझवायचा वायू सोडायचा तर आधी आत कोणी आहे का ते बघावं लागतं, त्यात माणूस गुदमरतो. ते काम माझं होतं. मी बघितलं."

"मग?"

"यादीत बघितलं गं! पडद्यावर. यंत्रावर कोणाकोणाचं काम चालू आहे ते. कोणाच्याच नावावर काही नव्हतं. मी म्हणालो, आत कोणी नाही, सोडा. आणि ती टेपांच्या मागे बसून पाव खात होती. नोंद न करता आत गेली होती."

आमच्या धंद्यातल्या कोणाच्याही हातून हेच झालं असतं. ज्याची नोंद नाही तो नाहीच, यावरच आम्ही जगतो.

"ते काम तू लिहिलंस?"

"नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी सव्वासातला ते होतंच. मी फक्त तिला जागा ठेवली. परत दे बार्ब्रो, आजच. तिला वेळ कुठून तरी घ्यावाच लागतो..."

तारीख सतरा होती. वर्षअखेरीमुळे पंधरा डिसेंबर ते दहा जानेवारी यंत्राला कोणी हात लावायचा नाही, असा आमच्याकडे दंडक, म्हणून मी आधी स्टेलनला विचारलं.

"तेरा तारखेच्या लुसियाच्या सणातल्या मेणबत्त्या विझल्या की हात खिशात," स्टेलन म्हणाला. "हा नियम तूच केलास ना? आणि आता तूच मोडणार? कशासाठी?"

"नाही मोडत," मी म्हणाले आणि सरळ खाली यंत्रघरात गेले. दारावरच्या वहीत नाव लिहिलं. दोन पावलं गेले, परत आले, पुन्हा एकदा लिहिलं.

आत पंख्यांची घरघर आणि ती कोरडी थंडी. मुख्य पडद्याशी बसून मी त्या बिननावाच्या कामाला त्याची जुनी जागा दिली. दोनदा चुकले, पुन्हा लिहिलं. शेवटची कळ दाबली, तेव्हा टेपांच्या मांडण्यांमागून राईच्या पावाचा वास आला. तिथे खायला सक्त बंदी होती. मी मान वळवली नाही. "घे बाई," एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला रेघ वर चढली. माझी घड्याळं ताळ्यावर आली. पडदे पुन्हा रडायला लागले, स्टेलनने मला मनसोक्त झापलं आणि शेवटी हात टेकून मोठं यंत्र मागवलं. नाताळात इल्वाने आणि मी तांदळाची खीर केली, ती करपली, तरी खाल्ली. मला वाटलं, सुटलो.

सुट्ट्या संपल्या, पाळणाघर उघडलं. जानेवारीच्या मध्यावर, एका शुक्रवारी, मी पुन्हा आलेख काढला. सहा भाग जागेवर होते. त्यांच्या शेजारी आणखी एक रेघ होती, दीड भागाची, अगदी नवी. सकाळी सव्वाआठला सुरू, संध्याकाळी पावणेपाचला बंद. मध्ये बारा ते एक पूर्ण शांत.

मायवोर सव्वासातला येत असे. सव्वाआठला कोण येतं, हे मी आठवत बसले. सव्वाआठला मी इल्वाला पाळणाघरात सोडते. पावणेपाचला घ्यायला जाते. बारा ते एक तिथे मुलांना गाद्यांवर आडवं करतात.

मी कोट न घालताच धावले. दीड वाजता पोचले. इल्वा गाल लाल करून अंगणात ओरडत होती, एक हातमोजा हरवलेला, नाक वाहत होतं. काहीही झालेलं नव्हतं.

"गुणी पोर आहे हो तुझी," लिस्बेत म्हणाली. "आजकाल बसली की तासभर हलत नाही. काही मागत नाही, काही नाही."

मी तिला तशीच उचलून घरी आणलं. दोन दिवस क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नाही. स्वयंपाक करतानाही तिला ओट्यावर बसवलं. रविवारी मात्र ती फारच मागे लागली, म्हणून घरामागच्या टेकडीवर घसरगाडी घेऊन गेलो. ती वरून सुटली, खालच्या स्प्रूसच्या झाडांमागे गेली आणि पलीकडून हसत बाहेर आली. मी हात हलवला.

सोमवारी तिला बरोबरच ऑफिसला नेलं. ती माझ्या पायाशी चित्र काढत बसली आणि मी आकडे उघडले. शुक्रवारची रेघ दीड वाजता तुटली होती. म्हणजे मी पोचले त्या घटकेला. ती रेघ हलवायची माझी छाती नव्हती, आणि राहू द्यायचीही नव्हती. हलवलेलं कुठे जातं ते मला कळून चुकलं होतं. शनिवारी काही नव्हतं; ती दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होती. रविवारी यंत्र जवळपास रिकामं असतं, त्यामुळे असेल ते स्वच्छ दिसतं. सव्वाबारा ते साडेबारा. सबंध पाव तास.

ती झाडांमागे होती तो वेळ मला दोन श्वासांचा वाटला होता. दुपारी तिला कडेवर घेऊन मी पुन्हा टेकडीवर गेले. झाडं तीनच आहेत, घसरगाडीवरून दोन श्वासांत मागे पडतील एवढीच. मी मोजली.