पांढऱ्याच राहिलेल्या रेघा

"कोणीतरी मुद्दाम करतंय हे," खारूताई धाकट्या भावाच्या, ढब्बूच्या कानाशी पुटपुटली. दोघं प्रयोगशाळेच्या काचेच्या दाराबाहेर दबा धरून बसले होते.

सुट्टीत मावशीकडे राहायला आले आणि इथे ही भानगड! मावशी औषधी झुडपांच्या पानांत राहणारे उपकारी जिवाणू शोधत होती. वरचे जंतू मरावेत म्हणून पान औषधाने धुवायचं, शेवटी कुकरमध्ये वाफवून जंतुमुक्त केलेल्या पाण्यात खळबळायचं, मग वाटून जेलीच्या बशीत पसरायचं. खळबळलेलं पाणी दुसऱ्या बशीत. ही पाण्याची बशी कोरी राहिली, तरच पहिलीतले जिवाणू पानाच्या आतले म्हणायचे. पण लागोपाठ तिसऱ्यांदा पाण्याच्या बशीतही गुलाबी ठिपके, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, उगवले होते. ही सगळी बाहेरची घाण आहे, आठवड्याभरात खोली रिकामी करा, असं मोठ्या साहेबांनी मावशीला बजावलं होतं. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार म्हणून मावशी काल जेवलीही नव्हती.

ढब्बूचा संशय साहेबांवरच होता. तेवढ्यात ते आलेच! बश्यांकडे बघून, कशालाही हात न लावता, नुसता सुस्कारा टाकून गेले. ढब्बू हिरमुसला.

मग शीळ घालत मदतनीस काका आले. हातात रिकामी बाटली. वाफेच्या कुकरकडे न वळता ते बाहेरच्या पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशी गेले, बाटली भरली, वर चिकटपट्टी लावली आणि बाटली मावशीच्या फळीवर ठेवून दिली.

खारूताई ताडकन उठली. त्या पट्टीवरच्या रेघा वाफ लागली की काळ्या होतात, हे मावशीनेच तिला दाखवलं होतं. ती धावत फळीपाशी गेली. रेघा पांढऱ्याफटक!

तिने मावशीला बोलावून आणलं. बाटली समोर आल्यावर काका गडबडले. "अगं, हेच पाणी सगळे पितात. चांगलं नितळ आहे. कुकरला तास तास जातो, म्हणून..."

"प्यायला चांगलं हो, पण त्यात जिवाणू असतातच की," मावशी म्हणाली. काकांवर ओरडावं की स्वतःवर, हे तिला कळेना. तीसुद्धा पट्टी न बघताच फाडत आली होती.

मावशीने ते पाणी थेट नव्या बशीत पसरलं. तिसऱ्या दिवशी तेच गुलाबी ठिपके! शेजारी नीट वाफवलेल्या पाण्यात खळबळलेल्या नव्या पानाच्या दोन बश्या: पाण्याची मात्र कोरी करकरीत, आणि पानाच्या बशीत दुधाळ ठिपक्यांची दाटी, म्हणजे हे जिवाणू पानाच्या आतलेच! साहेबांनी भिंग लावून दोनदा पाहिलं.

"खोली राहू द्या," ते मावशीला म्हणाले. "आणि या दोघांना पुढच्या सुट्टीतही बोलवा. आमच्या डोळ्यांपेक्षा यांचे बरे."

मावशीने दोघांना घट्ट जवळ घेतलं. दारात काका नवी गरम बाटली घेऊन ताटकळले होते. फळीवर ठेवण्याआधी त्यांनी ती खारूताईपुढे धरली.

"बघ गं बाई, झाल्यात ना काळ्या?"