तीन खटके

पहिला

रविवारी वर्कशॉप बंद असायचं, पण काका असायचा. घरी टीव्हीसमोर पाय हलवत बसण्यापेक्षा लेथ पुसलेली बरी, असं त्याचं म्हणणं. शटर अर्धं वर होतं. त्याखालून वाकून पुतणी आत आली आणि तिने एक लांबट बॅग टेबलावर ठेवली.

"काका, हिचा खटका गेलाय. परवा निघतेय मी. त्याआधी होईल?"

बॅगेत एअरसॉफ्ट रायफल होती. खेळातली, प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारी. पण दिसायला इतकी खरी, की शेजारच्या वेल्डरने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा चहा मांडीवर सांडला होता. रायफल काकाच्या धाकट्या भावाची, म्हणजे हिच्या बापाची. चार वर्षं माळ्यावर पडून होती.

"कुठे निघालीस?"

"नोकरी लागलीय. लांब. परत यायची गरज पडू नये, इतकी लांब."

"आणि बाबा?"

"आहेत की. एक डोळा स्वतःच्या हाताने घालवला, उरलेल्याने आमच्याकडे बघत बसतात. तुम्ही चांगला खटका करून दिला होतात, त्याला कानस मारायची काय गरज होती? जाताना भेटणारही नाहीये मी त्यांना."

काका म्हणाला, "बस. तासाभरात देतो."

ती शटरपाशी स्टूल ओढून फोनमध्ये डोकं घालून बसली.

खटका म्हणजे करंगळीच्या नखाएवढा पोलादी तुकडा. चाप ओढेपर्यंत आतली स्प्रिंग तो अडवून धरतो. तोच तुटला तर रायफल आपणहून सुटते. काकाने नवा तुकडा मशीनवर कापला, लाल होईपर्यंत तापवला, तेलात बुडवला.

इथे गोष्ट थांबवून एक सांगायला हवं. तेलात विझवलेलं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरायचं, वाळल्या गवताचा रंग येईस्तोवर. दहा मिनिटांचं काम. कुणी कारागीर ते विसरत नाही. चार वर्षांपूर्वी काका विसरला होता.

नाही. विसरला नव्हता. जेवायची वेळ झाली होती.

तो खटका तुटला आणि गोळी भावाच्या डोळ्यात गेली. इस्पितळाच्या जिन्यात काका म्हणाला होता, "मी दिला तेव्हा ठणठणीत होता. डावऱ्याने कानस मारली असणार, त्याला कुठे धीर?" भाऊ डावखुरा, म्हणून डावऱ्या. एवढंच. घराने ते उचललं आणि चार वर्षं उगाळलं.

आज मात्र काका गवती रंग येईपर्यंत थांबला. खटका बसवला, रायफल वाइसमध्ये आवळली, नळी भिंतीकडे केली. दोघांनी चष्मे चढवले.

टक्क.

चापाला अजून बोट लागलंच नव्हतं.

दुसरा

नव्याने तुटलेलं पोलाद आतून साखरेसारखं चमकतं. हे आतून काळपट होतं. जुनं, तेल मुरलेलं.

"लोखंड जुनं असेल," पुतणी म्हणाली.

"असेल."

नव्हतं. पोलादाचा बार गेल्या आठवड्यात आला होता.

आणि मुळाशी, जिथे तुटला तिथे, बारीक चरे होते. काकाने कानशीला हातसुद्धा लावला नव्हता.

दुसरा खटका त्याने क्षणभरही नजरेआड होऊ दिला नाही. बसवण्याआधी भिंगाखाली धरला. आरशासारखा स्वच्छ. बसवला.

टक्क.

या वेळी चरे खोल होते आणि एकाच बाजूला कललेले. उजव्या हाताची कानस एका अंगाला कलते, डाव्या हाताची दुसऱ्या. या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं दोघा भावांनीच काम केलं होतं. ते चरे कुणाचे, हे काकाला भिंगाशिवायही कळलं असतं.

"पोरी, आत कुणी आलं होतं का?"

"माझ्या डोक्यावरून? कोण येणार, काका?"

तिसरा

तिसऱ्याला त्याने तेल दाखवलंच नाही. मऊ ठेवला. मऊ लोखंड वाकतं, पण तुटत नाही. मशीनवरून काढला तो थेट मुठीत घेतला आणि मूठ आवळून टेबलाकडे निघाला.

चारच पावलं.

मुठीत काहीतरी खरखरलं. सावकाश. पुढे, मागे. पुढे, मागे.

त्याने मूठ उघडली. खटका मुळाशी अर्धा झिजला होता. तळहाताच्या घामात राखाडी कीस चिकटला होता.

काका खाली बसला.

"ऐक. तुझ्या बापाने कानस मारली नव्हती. मी पोलाद पुन्हा आचेवर धरलंच नव्हतं. कच्चं दिलं आणि खोटं बोललो. डोळा माझ्यामुळे गेला."

पुतणी उठली. तिने त्याच्या हातातला खटका घेतला, भिंगाखाली धरला. बराच वेळ.

"मग हे काय?"

"ते आत्ता... तुझ्यासमोर..."

"ही डाव्या हाताची कानस आहे. बाबांनीच शिकवलंय मला ओळखायला. त्यांचे जुने तुकडे अजून जपून ठेवलेत ना तुम्ही?"

"नाही गं! शपथ घेतो."

"पुरे, काका." तिचा आवाज मऊ झाला होता, आणि तेच वाईट होतं. "भाऊ म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. तुम्ही फार चांगले आहात. त्यांची तेवढी लायकी नाही."

रायफल तिथेच ठेवून ती शटरखालून वाकून निघून गेली.

काकाने फोन काढला. चार वर्षांत हा नंबर त्याने एकदाही लावला नव्हता.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"दादा," भाऊ म्हणाला.

"ऐक, मला तुला सांगायचंय, त्या दिवशी..."

"मला आधी वाटायचं, मी मारलीच नव्हती कानस. पण तू म्हणालास. मग हळूहळू आठवत गेलं."

काकाने तळहातावरचा कीस पँटला पुसला.

"रागावू नकोस," भाऊ म्हणाला. "तिसऱ्याला जरा जास्तच लागली."