पाच खेळाडू, सहा नावं

रविवार, ७ मार्च १९९९. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बारामतीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पाच जण खेळत होते आणि पडद्यावरच्या यादीत सहा नावं होती.

मी तिथे पुरवणीच्या मजकुरासाठी गेलो होतो. बारामतीची मुलं कॉम्प्युटरवर काय करतात, यावर चारशे शब्द हवे होते. क्लास पहिल्या मजल्यावर. चपला जिन्यात काढायच्या, मग काचेचं दार, आत एकाच केबलने जोडलेल्या सहा मशीन. रविवारी शिकवणी नसे, म्हणून क्लास चालवणारे नागेश सर दुपारी तीन तास खेळू देत. खेळ बंदुकांचा होता. त्यात गट नाहीत, साथीदार नाहीत. प्रत्येक जण बाकी सगळ्यांविरुद्ध. दगडी खोल्या, दारं, जिने. मेलेला खेळाडू दुसऱ्याच कोपऱ्यात पुन्हा उभा राही. वीस मिनिटांनी डाव संपला की ज्याने जास्त मारले त्याचं नाव वर. स्वरूपा नावाची बी.कॉम.ला असलेली मुलगी ही क्रमवारी कागदावर उतरवून भिंतीला लावायची. चार महिन्यांचे कागद तिथे होते.

त्या सगळ्या कागदांवर शेवटचं नाव एकच होतं, युवराज. कऱ्हाटीचा, वीस वर्षांचा. त्याच्या घरची मेंढरं १९९१ मध्ये विकली गेली, पण तोवर तो कळपाच्या पुढे चालला होता. खेळात कुठल्याही दारातून आत गेला की तो थांबायचा आणि मागे वळून बघायचा. तेवढ्यात त्याला गोळी बसायची. पोरं विचारायची, "मेंढरं मोजून झाली का रं?" तो म्हणायचा, एक कमी हाय, आणि पुढच्या दारात पुन्हा मरायचा.

२५ फेब्रुवारीला उसाच्या ट्रेलरने त्याच्या लुनाला धडक दिली. डोक्याला मार लागला. ७ मार्च हा तो बेशुद्ध असल्याचा अकरावा दिवस होता. त्याची पाच नंबरची मशीन कव्हर घालून बंद ठेवली होती.

यादीतलं सहावं नाव त्याचं होतं.

कुणीतरी त्याच्या नावाने चेष्टा करतंय असं नागेश सरांना वाटलं. ते एकेकाच्या मागे जाऊन उभे राहिले. पाचही जण आपापल्या नावाने खेळत होते. पाच नंबरच्या मशीनची वायर भिंतीतून काढलेली होती. तिचा प्लग मी हातात घेऊन पाहिला. कॉम्प्युटर स्वतःच चालवतो असे खेळाडू त्या खेळात नसतात, हेही सरांनी मला दोनदा सांगितलं.

स्वरूपाच्या पडद्यावर तो एका दारातून आत आला. थांबला. मागे वळून बघितलं.

कोणी गोळी झाडली नाही. डाव संपला तेव्हा सहाही नावांपुढे शून्य होतं.

मी चारशे शब्द वेळेत दिले. त्यात हे नव्हतं.

पुढच्या रविवारी, १४ मार्चला, स्वरूपा युवराजच्या आईला दवाखान्यातून घेऊन आली. म्हाळसाबाई अठरा दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर होत्या. आता फार आशा धरू नका, असं डॉक्टर त्याच सकाळी त्यांना म्हणाले होते. मला हितं कशाला आणलं, असं त्या जिना चढताना विचारत होत्या. मग स्टुलावर बसल्या आणि स्वरूपाच्या पडद्याकडे अर्धा मिनिट बघत राहिल्या.

"ह्यो माझा युवराज हाय."

काकू, कशावरनं, असं स्वरूपाने विचारलं.

"मागं बघतोय न्हवं. समदी आत आल्याबगर त्यो म्होरं जात न्हाय."

आपण त्याला दिसू का, असं त्यांनी विचारलं. स्वरूपा उठली, त्यांना आपल्या जागेवर बसवलं आणि त्यांचं बोट एका बाणावर ठेवलं. हे दाबलं की चालायचं. म्हाळसाबाई आधी भिंतीत गेल्या, मग जिन्याखाली अडकल्या. ह्या घराला वाट कुठं हाय, असं त्या पुटपुटल्या तेव्हा एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. बाकी चौघांनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले होते.

चार वाजून अठरा मिनिटांनी त्या त्याच्या मागे पोचल्या.

तो वळला. दोघं समोरासमोर उभे राहिले. त्या खेळात इतक्या जवळ कोणी दोन सेकंदांच्या वर जगत नाही.

म्हाळसाबाई पडद्याशी वाकल्या. शेजारच्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात म्हणाल्या, "आता मागं बघू नगं. मी हाय मागं. तू घराकडं चल."

तो दारातून पलीकडे गेला. वळला नाही.

चार पंचविसाला फोन वाजला. दवाखान्यातून होता. युवराजने पाच मिनिटांपूर्वी डोळे उघडले होते आणि पाणी मागितलं होतं.

म्हाळसाबाई अनवाणीच जिना उतरल्या. त्यांच्या चपला घेऊन स्वरूपा मागे धावली, तिच्या मागे बाकीचे. मशीन बंद करायला कोणीतरी हवं म्हणून मी थांबलो.

स्वरूपाच्या पडद्यावर ते दार तसंच होतं. चार एकतीसला त्यातून तो परत आला.

डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग दारातच उभा राहिला.

त्या वेळी दवाखान्यात युवराजला चमच्याने पाणी पाजत होते. नर्सच्या कागदावर तशी नोंद आहे. मी ती नंतर जाऊन पाहिली. तो कोणाला शोधत होता असं मी लिहिलं, तर त्याला पुरावा नाही.

मी मशीन बंद केली.

११ एप्रिलला युवराज क्लासमध्ये आला. डोकं भादरलेलं, अंगाने उतरलेला, पण बोलणं तेच. सोबत आई होती. तो खेळायला बसला आणि एकाही दारात थांबला नाही. पहिला आला. पोरांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. यादी उतरवायला घेतलेली स्वरूपा मात्र पेन धरून तशीच उभी राहिली. पहिलं नाव युवराज होतं. शेवटचंही युवराज. तिने एकच लिहिलं.

म्हाळसाबाईंना वाचता येत नाही. त्या यादीकडे बघत नव्हत्या. यादी येण्याआधी कधीतरी त्यांना स्वरूपाच्या पडद्यावर ते दार दिसलं होतं, आणि दारातला तो.

"मी मागं हाय म्हणलं व्हतं त्याला," एवढंच त्या स्वरूपाला म्हणाल्या.

घरी त्या युवराजला हाताने भरवत होत्या, वेळेवर गोळ्या देत होत्या. हे त्यानेच मला सांगितलं. आई अशी कधीच नव्हती, असं म्हणून तो हसलाही. पण दर रविवारी त्या त्याच्याबरोबर बारामतीला येत आणि स्वरूपाची जागा मागून घेत. आता त्या भिंतीत जात नसत.

२५ एप्रिल. सहाला दहा मिनिटं कमी होती. खेळ थांबला होता, बाकीची पोरं गेली होती. युवराजने चपला घातल्या आणि जिन्यातून हाक मारली, "आये, चल. यष्टी जाईल."

म्हाळसाबाईंचं बोट बाणावरच होतं.

"तू हो म्होरं," त्या म्हणाल्या. "मी ह्याला घिऊन येते."

कऱ्हाटीच्या सव्वासहाच्या गाडीत मीही चढलो. ती दोघं तिघांच्या बाकावर बसली होती. खिडकीशी युवराज, कडेला म्हाळसाबाई, मधली जागा मोकळी. गाडीत अकरा जण उभे होते. एकानेही ती जागा मागितली नाही.

कंडक्टर बाकापाशी आला. म्हाळसाबाई काही बोलल्या नाहीत. त्याने बाकाकडे एकदा बघितलं आणि तीन तिकिटं फाडली.