पट्टी मोडलेली कॅसेट

टक्.

घरात इतकं सामसूम होतं, की तो एवढासा आवाजही ज्योत्स्नाच्या छातीत वाजला.

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका. ज्योत्स्ना माझी मावसबहीण. बाळाला पाजता पाजता तिनं हे मला सांगितलं. तो व्हीसीआर अजून तिच्या घरात आहे. विकायचं धाडस होत नाही.

साल दोन हजार सहा. गाव बोरी बुद्रुक. डिसेंबरातली लोडशेडिंगची दुपार.

ज्योत्स्ना जरा आडवी झाली होती. सहा महिन्यांचा राजरत्न कुशीत. अंगात कणकण. कांदे लावून लावून कमरेचा काटा ढिला. नवरा समाधान भाजीचा टेम्पो घेऊन वाशीला गेलेला. सासू चिमाबाई जाऊन महिना झाला होता. ती गेली आणि घराचा एक हातच गेला.

सासू होती तेव्हा असं नव्हतं.

तेव्हा छपरावर फुकट चॅनेलवाली छत्री आली होती. एकदाच पैसे द्यायचे, मग महिन्याची कटकट नाही. समाधाननं आळेफाट्यावरच्या बंद पडलेल्या व्हिडिओ सेंटरमधून जुना व्हीसीआर आणून छत्रीला जोडला. कारण मालिका लागायची दुपारी, आणि दुपारी ज्योत्स्ना वावरात.

"तू जा गं बिनघोर," चिमाबाई म्हणायची. "तुझी शिरियल मी भरून ठिवते."

"आत्याबाई, तुमी तरी बघा की तवाच."

"एकटीनं बघायला मी काय सरपंचीण हाय व्हय? तू आली की बघू दोघी."

टीव्ही बंदच ठेवून ती नुसतं बटण दाबायची. बोट मिसरीनं काळं. त्यामुळं बटणावर कायम काळा डाग. कॅसेट एकच. आजचं कालच्यावर भरायचं.

एके दुपारी तिनं असाच भाग भरला... आणि ज्योत्स्ना वावरातून परत यायच्या आतच ती गेली.

तो भाग ज्योत्स्नानं अजून पाहिला नव्हता. धीरच होत नव्हता. सासूच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्या दिवशी तिनं बटण पुसलं आणि कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची पट्टी सुरीनं मोडली. पट्टी मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. सासूनं आपल्यासाठी केलेलं शेवटचं काम... तेवढं तरी राहू दे.

आणि आता... टक्.

पाल असेल.

मग घुर्रर्र... चाकं फिरल्यासारखं.

ती उठली. पंखा थांबलेला. छत्रीच्या बॉक्सचा दिवा विझलेला. वीज नव्हतीच.

तिनं व्हीसीआरवर हात ठेवला.

गरम होता...

आणि बटणावर काळा डाग होता. ओला.

घरभर मिसरीचा वास...

कोपऱ्यात थोरली लेक, पाच वर्षांची कल्याणी, भातुकली मांडून बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

दिवेलागणीला शेजारची ठकूबाई आली. आळ्याला लेकीकडं जाऊन आलेली. तिकडं दुपारी वीज होती.

"ज्योत्स्ने, आज शिरियल बघून लई रडले बाई मी! त्या धाकटीनं जोडवी काढून सासूच्या ताटात टाकली की गं!"

तेवढ्यात वीज आली.

ज्योत्स्नानं कॅसेट काढून बघितली. पट्टी मोडलेलीच. नुसती खाच. तिनं कॅसेट परत आत सारली, मागं नेली आणि लावली.

पडद्यावर धाकटी सून जोडवी काढत होती...

ठकूबाईचा हात तोंडावर गेला. "वायरीत करंट राहिला असंल, बाई," ती पुटपुटली, आणि चपला न घालताच निघून गेली.

चिमाबाईनं भरलेला तो शेवटचा भाग पुसला गेला होता. आता तो कधीच दिसणार नव्हता. ज्योत्स्ना टीव्हीपुढं खाली बसली. भीती वाटत होतीच. पण थकल्या डोक्यावरची पाटी कुणीतरी न सांगता उतरवून घ्यावी, तसंही वाटत होतं. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

कल्याणी येऊन मांडीवर बसली.

"आई, आज्जी रोज भरून ठिवती..."

"रोज?"

"हां. तू निजलीस, न्हाईतर वावरात गेलीस की." कल्याणीनं पडद्याकडं पाहिलं, मग आईच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं. "मग तुझ्यासंगं बघायला का येत नाय?"