अठ्ठ्याहत्तरची फियाट आणि वीस-पन्नास

दुकानाच्या दारात पांढरी फियाट थांबली, तेव्हा तेजस्विनीनं आधी गाडीखाली पाहिलं. जमिनीवर ऑइलचे थेंब होते. मग तिनं उतरणाऱ्या तरुणाकडे पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

वडलांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आळेफाट्यावरचं ऑइलचं दुकान तीच सांभाळत होती.

"इंजिन ऑइल द्या, फुल सिंथेटिक. पाच-तीस ग्रेड," तो म्हणाला.

"गाडी कोणत्या सालची?"

"अठ्ठ्याहत्तर. आजोबांची."

"मग पातळ ऑइल नका घालू. इंजिनची जुनी रबरी सीलं धरायची न्हाईत, समदं गळंल. साधं मिनरल न्या, वीस-पन्नास. जाड असतं."

"मी तीन व्हिडिओ बघून आलोय."

"मग गाडी ढकलायला व्हिडिओवाल्यालाच बोलवा."

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली. तरीही ऐकलं नाहीच. मंचरला गणित शिकवणारा मास्तर तो, चूक दुसऱ्याची काढायची सवय. तिनं पाच-तीस द्यायला साफ नकार दिला, तेव्हा तो शेजारच्या दुकानात निघाला. तिनं कार्ड पुढं केलं.

"नंबर ठेवा. लागंल."

पुढच्या तीन दिवसांत ती फियाट दुकानासमोरून दोनदा गेली. दोन्ही वेळा तेजस्विनीनं गिऱ्हाइकाला भलताच डबा दिला.

रविवारी सकाळी फोन आला. "मी धम्मपाल. अवसरीचा... व्हिडिओवाला. आणे घाटात ऑइलचा लाल दिवा लागलाय."

"इंजिन बंद करा. मी येते."

स्कूटीवर दोन डबे घेऊन ती पोचली. फियाटखाली काळं तळं साचलं होतं. कठड्यावर जरीच्या साडीत धम्मपालची आत्या केशरबाई बसली होती, आणि तो इस्त्रीच्या शर्टात नुसता उभा होता.

नरसाळं लावत तेजस्विनीनं विचारलं, "एवढं नटून कुठं निघालात?"

तो बुटांकडं बघू लागला. आत्या म्हणाली, "आण्याला. पोरगी बघाया."

डब्याचं तोंड नरसाळ्यावरून सरकलं. धार सरळ त्याच्या बुटांवर.

"असू द्या," तो घाईनं म्हणाला, "जुनेच आहेत."

"कालच घेतल्यात," आत्या म्हणाली.

ऑइल भरलं, पट्टीवर पातळी बघितली, गाडी चालू झाली, दिवा विझला. "आता जावा," तेजस्विनी हात पुसत म्हणाली. हात कधीचे स्वच्छ झाले होते, तरी ती पुसतच होती. "पावणं वाट बघत असतील."

तो जागचा हलला नाही. "आत्या, त्यांना फोन कर. सांग, येत न्हाई. उगं त्या पोरीला चहा घेऊन पुढं बसवायची न्हाई."

"आन कारण काय सांगू?"

"खरं ते सांग. मला दुसरी पसंत पडलीय... चार दिवस झालं." मग तो तेजस्विनीकडं वळला. कान लाल झाले होते. "दोनदा दुकानापर्यंत आलो. तुमचंच खरं निघालं, हे सांगायची लाज वाटली. आणि दुसरं सांगायची त्याहून जास्त."

"दुसरं... काय?"

"तेच, जे आत्ता आत्यासमोर सांगितलं."

आत्या पदराआड हसत फोन घेऊन लांब गेली.

तेजस्विनीनं रिकामे डबे स्कूटीला अडकवले. ओठ दाबून धरले, तरी हसू फुटलंच.

"गाडी वळवा," ती म्हणाली. "माझ्या मागं चला, सावकाश. बाबा घरीच हायेत... आन हे बोलणं त्यांच्यापुढं एवढं अडखळत बोलू नका."