माग बसायला एक रात्र लागते

आम्ही निघालो होतो एक पाटी उभी करायला. कमरेइतक्या उंचीची, लार्चच्या लाकडाची साधी पाटी. सगळा पानगळीचा मोसम खिडकीशी बसून बाबांनी ती कोरली होती. तिच्यावर एकच नाव होतं, बेनिग्ना. त्यांच्या आईचं. नापातुलिकच्या झोपडीत बाबा जन्मले, त्या झोपडीमागेच आजी पुरलेली आहे, आणि तिच्या उशाची जुनी पाटी कधीच कुजून पडली होती. बाबांना ही नवी पाटी स्वतःच्या हातानं रोवायची होती. गुरुवारी त्यांना विमानानं शहरातल्या इस्पितळात न्यायचं होतं; फुप्फुसं पार थकली होती. परत येतील की नाही, हे कुणी बोलत नव्हतं. म्हणून सोमवारी जायचं, मंगळवारी परतायचं!

नापातुलिक बेचाळीस मैल. पहिले तीस मैल गोठलेल्या खाडीवरून. तिथं वाऱ्यानं बर्फ फरशीसारखं टणक होतं. खरी परीक्षा त्यापुढच्या जंगलाची. जंगलात वारा शिरत नाही, त्यामुळे बर्फ पिठासारखं पडून राहतं. माणूस छातीपर्यंत आत जातो.

माझा नवरा बोअस याची स्नोमोबाइल मुळात रुळलेल्या वाटेवरची. टणक वाटेवर बाणासारखी सुटणार. मऊ बर्फात शिरली की मागच्या पट्ट्यानं स्वतःचाच खड्डा खणून त्यात बसणार. सगळा जानेवारी बोअसनं तिच्यावर घालवला. पट्टा बदलून लांब घातला, बोटभर उंच दात्यांचा. तो विमानानं यायलाच दोन आठवडे लागले. पुढच्या दोन्ही स्कींना रुंद पट्ट्या जोडल्या. पट्ट्याची पुढची बाजू बांधून ठेवणारी वादी सैल केली, म्हणजे गाडीचं नाक वर उचललं जातं आणि ती बर्फात घुसण्याऐवजी बर्फावर चढते. मग वजन. पुढची काच काढली. बसायची जागा कापून मी नव्यानं शिवली. आमची आठ महिन्यांची सलोमी माझ्या पाठीवर, कोटाच्या मोठ्या टोपडीत झोपलेली असायची आणि मी शेडमध्ये उभी राहून त्याला पाने द्यायची.

"मागची जाळी?" त्यानं विचारलं. त्या जाळीवर आमचे बर्फात चालायचे जाळीचे जोडे बांधलेले असत.

"काढ की," मी म्हणाले. "गाडी अडकणारच नसेल तर चालायचंय कुणाला?"

हे मीच बोलले होते.

बाबा दारात, काठीवर भार टाकून उभे होते. "लग्नाला निघालीय का रे ही?"

"अंकल, ही आता पोहते बघा!" बोअस म्हणाला.

"पोहू दे. पण आधी जाऊन माग पाडून या. तीनदा ये-जा करायची, बर्फ दाबायचं, आणि रात्रभर सोडून द्यायचं. बसतो तो रात्रीत. मग मला न्या."

आमच्याकडे हे लहान पोराला पण ठाऊक असतं. तरी तेवढं झालं नाही. शनिवारी वादळ होतं. रविवार देवाचा, त्या दिवशी आम्ही गाडीला हात लावत नाही, आणि बाबांनी तर लावूच दिला नसता. आणि जानेवारीचे ते सगळे दिवस? बोअसच्या न बदललेल्या गाडीनंही त्या दिवसांत केव्हाही माग पाडून झाला असता. पण तेव्हा गाडी शेडमध्ये, पोट उघडं टाकून पडली होती.

"एकाच दिवसात माग पण पाडतो आणि पोचवतो पण," बोअस म्हणाला. मी त्याच्या डोळ्यांतला आनंद बघितला आणि मान डोलावली.

सोमवारी उजाडताना सलोमीला पोटभर पाजलं, सासूबाईंच्या हातात दिलं आणि निघालो. बोअस पुढे, मोकळा. मी मागे बाबांच्या जुन्या, जड गाडीवर. तिला दोरानं लांब लाकडी घसरगाडी बांधलेली, आणि घसरगाडीवरच्या पेटीत, कॅरिबूच्या कातड्यांत गुंडाळलेले बाबा. शेजारी तंबू, पत्र्याची शेगडी, कुऱ्हाड, आणि त्यांचे जाळीचे जोडे. ते त्यांनी काढू दिले नव्हते.

"मला चालायला येत नाही, पण त्यांना येतं," म्हणाले होते.

खाडी आम्ही दोन तासांत पार केली. सूर्य वर आला आणि बर्फ निळं दिसायला लागलं. एका ठिकाणी थांबून चहा केला, सुकवलेला मासा आणि तव्यावरची भाकरी खाल्ली. बाबांना खोकला नव्हता. ते डोंगरांची नावं घेत होते, जुन्या ओळखीच्या माणसांची घ्यावी तशी.

मग जंगल सुरू झालं.

बोअसनं वेग घेतला आणि गाडी खरंच तरंगली! नाक वर, मागे पांढरा फवारा, उभं राहून तो या कुशीवरून त्या कुशीवर झुकत होता आणि गाडी झाडांतून मासोळीसारखी वळत होती. मीसुद्धा ओरडले आनंदानं. त्याच्या मागावर मी माझी गाडी घातली, आणि पन्नास पावलांवर ती रुतली.

खणलं. पुन्हा निघालो. पुन्हा रुतली.

बोअस वळून आला, त्याच वाटेवरून परत गेला, पुन्हा आला. मी खाली वाकून हात घातला. वरचं वीतभर बर्फ दाबलेलं, खाली सगळं पीठच! त्याची गाडी इतकी हलकी झाली होती की तिनं बर्फ दाबलंच नव्हतं. ती नुसती वरून निघून गेली होती. पुढच्या गाडीनं जायचं असतं ते मागच्यासाठी. आम्ही ते विसरून गेलो होतो.

"काय म्हणतो माग?" पेटीतून बाबांनी विचारलं.

"नाहीच आहे, बाबा."

"असं कसं? एवढा खर्च केला पोरानं." आणि हसता हसता त्यांना पहिल्यांदा खोकला आला.

आठ मैलांना साडेतीन तास लागले. खण, ढकल, दहा पावलं, पुन्हा खण. घाम आला की धोका, अंगावरच गोठतो. माझं दूध भरून आलं होतं, छाती दगडासारखी झाली होती, आणि इतक्या लांबून मला सलोमीच्या केसांचा वास येत होता.

ओढा लागला तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. वरून नुसती सपाट, सुंदर पांढरी पट्टी. बोअस भुर्रकन पलीकडे! वळून त्यानं हात उंचावला, ये!

मी घातली गाडी. मधोमध ती एकदम जड झाली. पट्ट्याचा आवाज बदलला. बर्फाखालून राखाडी चिखल वर आला.

"पाणी!" मी किंचाळले.

साचलेल्या बर्फाच्या ओझ्यानं खालचा गोठलेला थर दबला होता आणि त्याच्यावर गुडघाभर पाणी चढलं होतं. वरून काहीच दिसत नव्हतं. बोअसच्या तरंगत्या गाडीला ते कळलंच नव्हतं. जुनी गाडी पुढे असती तर काठावरच रुतली असती आणि आम्ही सावध झालो असतो.

"थांबवू नकोस! थांबवू नकोस!" बाबा ओरडले.

थांबली. मी पाण्यात उडी टाकली. दोराची खीळ उपटली, घसरगाडी सुटी केली. ती अजून काठावर, कोरड्यात होती. वीस-पंचवीस मिनिटं! तेवढ्यात पट्टा गोठला की गाडी वसंतापर्यंत तिथंच!

पलीकडून बोअस धावला आणि दुसऱ्याच पावलाला कमरेपर्यंत गेला. तो पोहल्यासारखा हात मारत होता, एक एक हात पुढे. त्याचे जोडे शेडमध्ये खिळ्याला टांगलेले होते. माझेही.

आणि मग मी बघितलं, बाबा पेटीतून उतरले होते. जोडे पायांत, कुऱ्हाड हातात. ते बर्फावरून चालत होते, सहज, पांढऱ्या तितरासारखे. लहान स्प्रूस झाडांच्या फांद्या सपासप तोडल्या. भारा ओढत आणला. "पट्ट्याखाली! जाड बाजू पुढे! अगं अशी नाही, अशी! लग्नाला नऊ वर्षं झाली, फांदी घालता येईना!"

"बाबा, तुम्ही बसा हो!"

"बसतो ना. गुरुवारपासून बसायचंच आहे."

तीन फेऱ्या केल्या त्यांनी. तिसऱ्या फेरीत ते झाडाला धरून उभे राहिले आणि बराच वेळ हलले नाहीत. तेवढ्यात बोअस पोचला. त्याच्या गाडीचा दोर माझ्या स्कींना बांधला, तो पलीकडे परत गेला, आणि बाबांनी कुऱ्हाड वर केली.

"आता!"

दोर ताणला. फांद्या कडकडल्या. एक हिसका, दुसरा, आणि गाडी चिखल ओकत पलीकडच्या काठावर चढली! मग फांद्यांवरून घसरगाडी ओढली, आणि तिच्यामागून बाबा आले. चालत. त्यांनी कुणाचा हात धरला नाही.

तिथंच तंबू ठोकला. शेगडी पेटली, मोजे सुकत टाकले. नापातुलिक चार मैलांवर होतं.

सकाळी बाबांचे ओठ निळसर होते. श्वासाचा आवाज तंबूबाहेर ऐकू येत होता. बोअस त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसला. रात्रभर तो झोपला नव्हता.

"अंकल, मी एकटा जातो. माझी गाडी जाते. वीस मिनिटं जायला, वीस यायला. पाटी उभी करतो. निदान तेवढं तरी करू द्या मला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "टॅबेआ सांगेल तसं."

मी लहान असताना, सात वर्षांची, एकदाच नापातुलिकला गेले होते. याच पेटीत बसून. मला पक्कं आठवत होतं, वाटेत दोन ओढे होते.

"नको," मी म्हणाले. "पुढे अजून एक ओढा आहे. तिथं हा एकटा पडला तर? जोड्यांचा एकच जोड आपल्याकडे. मी तुम्हाला बघू की याला शोधू? घरी सलोमी आहे."

बाबा शेगडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिचं बरोबर आहे, पोरा."

"पुढच्या महिन्यात येऊ, बाबा. नीट माग पाडून."

"हो. पाडून ठेवा."

पाटी त्यांनी स्वतःच कापडात गुंडाळली, गाठ मारली, गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

परतीला ओढा फरशीसारखा टणक गोठला होता. आणि आमचा माग, तो खणलेला, तुडवलेला, शिव्या खाल्लेला माग, रात्रीत बसला होता. साडेतीन तासांची वाट अर्ध्या तासात संपली. घसरगाडी एकदाही हेलकावली नाही. खाडीच्या तोंडाशी थांबलो तेव्हा बाबांनी पेटीतून हात बाहेर काढला आणि मागावर थोपटलं.

"बघ. आता बसला."

गुरुवारी विमान आलं. एप्रिलमध्ये, बर्फ वितळायच्या आत, ते शहरातच गेले. त्यांना इथं आणून चर्चजवळ पुरलं. पाटी आमच्या दारामागेच उभी राहिली.

पुढच्या जानेवारीत बोअसनं शेड उघडली. स्कींच्या रुंद पट्ट्या काढल्या. वादी पुन्हा आवळली. मागची जाळी बसवली, तिच्यावर दोघांचे जोडे बांधले, आणि पेट्रोलचे भरलेले दोन कॅनही, मुद्दाम, वजनाला. लांब पट्टा तेवढा राहू दिला.

"रुततेय आता?" मी विचारलं.

"झकास रुतते," तो म्हणाला. आणि तोंड फिरवून पाना शोधायला लागला.

शुक्रवारी आणि शनिवारी त्यानं आणि त्याच्या भावानं माग पाडला. ओढ्यावर काठीनं तळ बघितला, फांद्या अंथरल्या. वाट ओढ्यापर्यंत तीन-तीनदा दाबली. रविवारी कुणी हात लावला नाही. सोमवारी आम्ही निघालो. पेटीत, त्याच कातड्यांत, आता वीस महिन्यांची सलोमी होती, आणि तिच्या शेजारी पाटी.

ओढा ओलांडला आणि पुढच्या वळणावर जंगलच संपलं. समोर मोकळं, लांब तळं, वाऱ्यानं घासून टणक केलेलं. पलीकडच्या काठावर झोपडी. चार मैल सरळ, मध्ये काहीही नाही.

मी गाडी थांबवली. "बोअस, दुसरा ओढा कुठाय?"

"दुसरा नाहीच. मला पण शनिवारीच कळलं." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सांगणार होतो तुला."

सात वर्षांची मी पेटीत बसून जाताना एक ओढा मोजला होता, आणि येताना एक.

बाबा इथंच जन्मले होते. इथला प्रत्येक दगड त्यांना माहीत होता. वीस मिनिटं जायला, वीस यायला. एक शब्द बोलले असते तर पाटी त्याच दिवशी उभी राहिली असती. पण आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला पाण्यात धडपडताना बघितलं होतं. मी घाबरले होते हे त्यांना दिसलं होतं. आणि ते शेगडीकडे बघत म्हणाले होते, तिचं बरोबर आहे.

आजीच्या उशाला आम्ही आग करून जमीन मऊ केली आणि पाटी रोवली. बोअसनं ती दोन्ही हातांनी हलवून बघितली. हलली नाही.

मग मी घसरगाडीकडे गेले आणि पेटीवरचं कातडं उचललं. बेचाळीस मैलांत तिला एकही धक्का बसला नव्हता. सलोमी अजून झोपलेलीच होती.