उजवी सीट

जुन्या अमेरिकन गाड्या बाळगणारी माणसं भेटली की इंजिन, वेग वगैरे गोष्टी नंतर निघतात. आधी निघते ती गाडी कशी मिळाली याची गोष्ट. जपानमधल्या सेंदाई शहराच्या बायपासवर एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर ऐसपैस पार्किंग होतं. तिथे महिन्यातून एका शनिवारी सकाळी ही मंडळी जमायची. कॅनमधली गरम कॉफी हातात धरून एकेक जण आपली गोष्ट सांगायचा आणि बाकीचे ती पाठ झालेली असूनही माना डोलवायचे. ओनोदेरासान नावाच्या दंतवैद्यांना त्यांची कॅमेरो एका शेडमध्ये सफरचंदाच्या खोक्यांखाली सापडली होती. दुसऱ्या एकाला मिसावाच्या तळावरचा अमेरिकन सैनिक मायदेशी जाताना किल्ली देऊन गेला होता. तिसऱ्याने सासऱ्यांची भातशेती विकून गाडी घेतली होती आणि सासरे अजून त्याच्याशी बोलत नव्हते. आपल्याकडे मुलगी पाहायला गेल्याची हकिगत सांगताना पुरुषांचे चेहरे जसे होतात, तसे यांचे गाडीबद्दल बोलताना व्हायचे.

माझा नवरा प्रल्हाद या कळपात सामील झाला तो शहाण्णव सालच्या शरद ऋतूत. पुण्याच्या कंपनीने त्याला आदल्या वर्षी इथल्या बँकेच्या कामासाठी पाठवलं होतं. शाळेत असताना त्याने रद्दीतल्या एका विलायती मासिकातून मस्टँग गाडीचं चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. ते कपाट नारायण पेठेत अजूनही तसंच आहे. त्यामुळे मुराता गावाजवळ एका घरापुढे ताडपत्रीखालून ते लांब नाक बाहेर आलेलं दिसल्यावर तो बसमधून मधल्याच स्टॉपवर उतरला, यात मला नवल वाटलं नाही.

गाडी ओइकावासान नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांची होती. प्रल्हादने किंमत विचारली, तर त्यांनी उलट विचारलं, "लग्न झालंय?"

"झालंय."

"मग ओकुसानना घेऊन या. त्यांना बघितल्याशिवाय बोलणं नाही."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. पुरुष गाडीशी गेले. मी व्हरांड्यात ओइकावाबाईंच्या शेजारी बसून पर्सिमन सोलायला लागले. सोललेली फळं दोरीला बांधून वळचणीला टांगायची, हिवाळ्यापर्यंत ती वाळून गोड होतात. बाईंचा हात झरझर चालत होता, पण गाडीच्या दिशेने त्यांनी एकदाही मान वळवली नाही. ते मला तेव्हा दिसलं होतं. निघताना म्हातारबुवांनी इतकी कमी किंमत सांगितली की प्रल्हादने ती पुन्हा विचारून घेतली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "उजवी सीट रिकामी ठेवू नका."

प्रल्हाद हसला. त्याला यात काही गैर वाटलं नाही, कारण त्या सांगण्याला व्यवहारी अर्थ होता. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. जपानमधले टोलनाके मात्र उजव्या हाताला, आपल्यासारखेच. एक्स्प्रेसवेवर शिरताना मशीनमधून तिकीट ओढून घ्यायचं, ते चालवणाऱ्याच्या हाताला येत नाही. सोबत कोणी नसेल तर अख्ख्या गाडीतून आडवं व्हावं लागतं आणि मागचे लोक तोवर वाट बघतात. बायको शेजारी असली की तिने काच खाली करायची आणि हात बाहेर काढायचा.

मी बसले तीन-चार वेळा. त्या गाडीत पेट्रोलचा आणि जुन्या रेक्झिनचा असा काही वास यायचा की वळणावर माझ्या पोटात ढवळायला लागायचं. त्यातच मला आर्केडमधल्या बेकरीत अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम मिळालं, आठवड्यातले काही दिवस आणि नेमका रविवार. मी सुटले. प्रल्हाद रविवारी एकटाच जायला लागला.

एका संध्याकाळी तो झाओच्या डोंगराकडून परत आला. त्याच्या शर्टाच्या खिशात टोलची पावती होती. मी चेष्टेत विचारलं, "तिकीट घेताना पाठ धरली की नाही?"

"मला कशाला वाकावं लागतंय? तूच तर..." तो थांबला. बूट काढायला वाकला. "घेतलं असेल मी वाकून. लक्षात नाही."

दमलाय, एवढंच मला वाटलं. दोघंही दमलेले असायचो. तो ऑफिसातून यायचा तेव्हा माझा डोळा लागलेला असायचा आणि मी बेकरीला निघायचे तेव्हा त्याचा. माझे हात बारा महिने गार असतात. सेंदाईतल्या पहिल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर तो ते आपल्या हातांत घेऊन चोळायचा, भोवतालच्या जपानी लोकांनी नजरा वळवल्या तरी सोडायचा नाही. गाडी आल्यानंतरच्या या हिवाळ्यात मात्र आम्ही बसस्टॉपवर कधी एकत्र उभेच राहिलो नाही.

डिसेंबरच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर पार्किंगवर गेले. प्रल्हादची पाळी आली. आमची गोष्ट त्याने सांगितली, पण ती आमची नव्हती.

"मी तर घाबरलो होतो," तो म्हणाला. "पण ही उजव्या सीटवर बसली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, मी आता उतरत नाही."

सगळे खूश होऊन हसले. प्रत्यक्षात त्या वेळी मी व्हरांड्यात पर्सिमन सोलत होते. माझी बोटं दोन दिवस त्या चिकाने काळी राहिली होती, मी शेजारणीला दाखवलीही होती. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडणार? मीही हसले.

मग ओनोदेरासान माझ्याजवळ आले आणि वाकून म्हणाले, "गेल्या रविवारबद्दल आभारी आहे हं."

"कशाबद्दल?"

"टोलनाक्यावर मी तुमच्या मागेच होतो. तुम्ही तिकीट घेतलंत आणि मला हात केलात. केस मोकळे होते, म्हणून आधी ओळखलंच नाही."

गेल्या रविवारी मी कोपरापर्यंत पिठात होते आणि केस जाळीच्या टोपीत. हे मी त्यांना सांगितलं नाही. सोमवारी सकाळी प्रल्हाद आंघोळीला गेला तेव्हा मी किल्ली घेऊन खाली उतरले. तांदळाच्या व्यापाऱ्याच्या आवारात आमची भाड्याची पार्किंगची जागा होती. स्वच्छ ऊन पडलं होतं. उजवं दार उघडून मी सीटच्या पाठीला नाक लावलं. खोबरेल तेलाचा वास आला.

जपानला आल्यापासून मी केसांना तेल लावलं नव्हतं. इथल्या थंडीत ते बाटलीतच थिजतं.

कोणी बाई असेल, हा विचार आधी आला. खरं सांगायचं तर तोच बरा वाटला. पण सेंदाईत खोबरेल तेल लावणारी दुसरी बाई कुठून येणार? आणि प्रल्हादला लपवाछपवी जमत नाही, वाढदिवसाची साडीसुद्धा त्याला दोन दिवस लपवता येत नाही. तो काहीच लपवत नव्हता. उलट रविवारी घरी आला की पहिल्यासारखा माझ्याशी बोलायचा. फक्त ते बोलणं मधूनच सुरू व्हायचं, आधीचा भाग मला माहीत असल्यासारखं.

जानेवारीत एकदा जेवताना त्याने ताटावरून मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

"एवढी वर्षं मला का नाही सांगितलंस गं?"

"काय?"

"बाबांचं. तू त्यांना सायकलच्या खोलीत रडताना पाहिलंस ते. काल सांगितलंस तेव्हा मला गाडी चालवणं सुचेना."

साताऱ्याला आमच्या घरामागे सायकल ठेवायची एक खोली होती. कारखाना बंद झाला त्या दिवशी बाबा तिथे कोपऱ्यात उभं राहून रडत होते. मी दाराच्या फटीतून पाहिलं आणि मागे फिरले. हे मी आईला सांगितलं नाही, भावाला नाही, प्रल्हादलाही नाही. कोणालाच नाही.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"काय म्हणणार? तुझा हात धरून बसलो की."

भीती नंतर वाटली. त्या क्षणी मला हेवा वाटला. गोष्ट माझी होती, आणि हात दुसरीचा धरला गेला होता.

फेब्रुवारीत कामाच्या दिवशी सुटी टाकून मी बसने मुरात्याला गेले. दुपार होती, वळचणीला वाळलेल्या फळांच्या माळा होत्या. ओइकावाबाईंनी मला पाहिलं आणि का आले ते विचारलं नाही.

"तुम्ही बसत नाही का गाडीत?" त्या म्हणाल्या.

"रविवारी काम असतं. आणि मला गाडी लागते."

"मलाही लागायची." त्यांनी चहा ओतला. "मी त्या गाडीत एकदाही बसले नाही. पण आम्ही दोघांनी मिळून इकडचा अख्खा तोहोकू प्रदेश पाहिलाय, असं हे सगळ्यांना सांगतात. कुठे जेवलो, मी काय म्हणाले, सगळं. आधी मला बरं वाटायचं. मग मीच ती विकायला लावली. वाटलं, ती गेली की हे घरी येतील."

म्हातारबुवा व्हरांड्यात बसले होते. गाडी जिथे उभी असायची तिथल्या रिकाम्या जागेकडे त्यांचं तोंड होतं. बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"चहा गरम आहे हं, जपून," त्या अगदी त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

त्यांनी पेला घेतला. मग मी दिसल्यावर मान लववली. त्यांना मी चांगली आठवत होते.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "आमच्या मिसेसना जरा समजावा. गाडी गेल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. रागावल्यात बहुतेक."

बाई पेल्याखाली बशी धरून त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या.

मला बसपर्यंत पोचवायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "विकू नका. मी चुकले. त्या जागेवर जाऊन बसायला हवं होतं, मला धीर झाला नाही. तुम्ही दोघं हसत हसत आला होतात, म्हणून वाटलं, तुम्ही बसाल." त्यांनी फळांची एक माळ माझ्या पिशवीत घातली. "जागा तुमचीच आहे."

मला ते पटलं. रिकाम्या जागेवर कोणीतरी बसलं होतं. जागा रिकामी ठेवायची नाही, संपलं. मी बेकरीतला रविवार सोडला. शनिवारी प्रल्हादला म्हटलं, "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

त्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. "तू येतेसच की."

मार्चचा पहिला रविवार. कडाक्याची थंडी, निरभ्र आकाश. मी गाडी लागू नये म्हणून गोळी घेतली, हातमोजे चढवले आणि उजव्या सीटवर जाऊन बसले. दार लावून घेतलं. प्रल्हाद माझ्याकडे बघून हसला, मनापासून. मला रडू येईल की काय असं वाटलं.

मी बोलायला लागले. पुण्याचं, साताऱ्याचं, त्याच्या त्या कपाटातल्या चित्राचं. तोही बोलत होता, हसत होता. पण मी प्रश्न विचारला की तो हसायचा आणि मी गप्प झाले की उत्तर द्यायचा.

म्हणून मी गप्प राहिले.

"खरंय तुझं," प्रल्हाद म्हणाला.

मी ओठ घट्ट मिटले.

"नाही गं, वेडी आहेस का? मला कधीच कंटाळा येत नाही तुझा."

टोलनाका आला. गाडी मशीनच्या शेजारी थांबली. मी काच खाली केली आणि हात बाहेर काढला. मशीनच्या फटीत तिकीट नव्हतं.

मी वळून पाहिलं. तिकीट प्रल्हादच्या हातात होतं. ते खिशात ठेवत तो "थँक यू" म्हणाला. समोरचा दांडा वर गेला.

काच उघडीच होती. वाऱ्याने खोबरेल तेलाचा वास माझ्या तोंडावर आला. माझे केस टोपीत होते.

"गार पडले ना हात?" प्रल्हाद म्हणाला. "आण इकडे."

मी हातमोजा काढला. हात त्याच्यासमोर धरला.

त्याने रस्त्यावरची नजर न काढता उजवा हात पुढे केला. तो माझ्या हाताच्या वरून गेला, थोडा पलीकडे, आणि तिथे हलकेच मिटला. अंगठा मागेपुढे फिरायला लागला, बसस्टॉपवर फिरायचा तसाच.

माझा हात तसाच पुढे राहिला. गार.